तो गेला म्हणे

यादीत सगळ्यात वर ‘त’ होता. त्याखाली ‘क’, मग ‘आह’, मग ‘म’. आणखी चार ओळी खाली ‘हण’.

‘हण’ म्हणजे मार, ठोक. आत्याच्या कथांमध्ये कुणी कुणाला मारत नाही. माणसं बोलतात, गप्प बसतात, वाट बघतात, फार तर दार जरा जोरात लावून घेतात. तरी संगणक सांगत होता की तिच्या लिखाणात ‘हण’ पानोपानी येतो. उलगडा व्हायला मला अर्धा दिवस लागला.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मी तेव्हा नुकतीच शिकले होते. मजकुराचे शब्द पाडायला तिच्यात एक तयार खूण आहे, ‘शब्दात येऊ शकेल असं कुठलंही अक्षर’ अशा अर्थाची. ही खूण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह यांना अक्षर मानत नाही. युनिकोडनं, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेनं, त्यांना अक्षरांपासून वेगळं काढून ‘चिन्हां’च्या वर्गात बसवलंय. त्यामुळे चिन्ह आलं की शब्द संपला, असं ती धरून चालते. ‘म्हणे’ हा शब्द आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. संगणकात तो पाच तुकड्यांनी साठवलेला असतो: म, पाय मोडल्याची खूण, ह, ण आणि मात्रा. पाय मोडला तिथे ‘म’ तुटून पडला, मात्रेपाशी ‘हण’ तुटला. म्हणाला, म्हणाली, म्हणून, सगळ्यांची तीच गत झाली होती.

देवनागरीला युनिकोडमध्ये १२८ जागांचा एक सलग पट्टा दिलेला आहे. त्यातले दंड (वाक्य संपवणाऱ्या उभ्या रेघा) आणि अंक वगळून बाकी सगळं शब्दाचाच भाग मान, असं प्रोग्रामला सांगितलं आणि एका क्षणात शब्द पुन्हा सांधले गेले. ‘आणि’, ‘ती’, ‘पण’, ‘तिला’, ‘मग’. आत्याचा आवाज ऐकू यायला लागला.

ही चूक एवढ्या विस्तारानं सांगतेय, कारण संगणकानं साहित्याचा अभ्यास करायचा म्हटलं की लोक थेट आलेखांपाशी, रंगीत नकाशांपाशी पोचतात. त्याच्या कितीतरी आधी एक प्रश्न उभा असतो: शब्द म्हणजे काय? त्याचं उत्तर कुणीतरी, कुठल्यातरी दुसऱ्या लिपीकडे बघून, आपल्यासाठी आधीच देऊन ठेवलेलं असतं. ते उत्तर तपासून घेणं हेच या अभ्यासाचं पहिलं वाचन.

आत्याच्या ११ वह्या माझ्याकडे आल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांत ३९ कथा आहेत. एकही छापली गेली नाही. तिनं पाठवल्या होत्या की नाही, हेही घरात कुणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी त्यांतल्या काही तिनं मला वाचून दाखवल्या होत्या आणि नंतर सगळ्या मी स्वतः वाचल्या, काही तर पाठ होण्याइतक्या. त्या मोजाव्यात असं कधी मनातही नव्हतं. पुस्तक करायचं म्हणून टाइप करायला घेतल्या. रोज रात्री दोन-तीन पानं. तिनं खोडलेलं मी सोडून देत होते. शेवटी जे ठेवलं तेच तिला हवं होतं, असा साधा हिशोब. सगळ्या वह्या टाइप व्हायला दोन वर्षं गेली. एकच कथा दोन वह्यांत वेगवेगळ्या रूपात आहे असं सारखं जाणवत होतं, म्हणून शोधायची सोय हवी होती. तिथून मी या वाटेला लागले.

मोजणं आपल्याला परकं वाटावं असं खरं तर काहीच नाही. ऋग्वेदाच्या अनुक्रमणी पाहाव्यात. सूक्तं किती, ऋचा किती, कुठलं सूक्त कुठल्या ऋषीचं, छंद कुठला, सगळं नोंदलेलं. परंपरेनं ऋग्वेदाचे १,५३,८२६ शब्द आणि ४,३२,००० अक्षरं मोजून ठेवली आहेत. ज्यांनी हे केलं त्यांना त्या मंत्रांचं प्रेम कमी होतं असं कोण म्हणेल? एक अक्षरही हरवू नये म्हणून मोजायचं, ही त्यामागची आच होती.

संगणकाच्या काळातली गोष्ट मात्र बहुतेक वेळा एका इटालियन जेझुइट पाद्र्यापासून सुरू करतात. रोबेर्तो बुसा हे त्याचं नाव. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाच्या लेखनात ‘सान्निध्य’ या कल्पनेचा अर्थ काय, हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. सान्निध्यासाठीचे लॅटिन शब्द शोधता शोधता त्याच्या लक्षात आलं की अक्वायनसचा सगळा विचार त्या मोठ्या शब्दांत नाहीच, तो ‘इन्’ या एवढ्याशा शब्दात आहे. मराठीत सांगायचं तर ‘आत’ किंवा ‘मध्ये’. मग ‘इन्’ जिथे जिथे येतो ती वाक्यं त्यानं हातानं कार्डांवर उतरवली. सुमारे १०,००० कार्डं. १९४९ मध्ये तो आयबीएम या अमेरिकी यंत्र-कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटला आणि अक्वायनसच्या समग्र लेखनाची शब्दसूची यंत्रावर करायचं काम सुरू झालं. एक कोटीहून अधिक शब्द. तीसेक वर्षं चाललेल्या त्या कामातून ५६ खंड छापले गेले.

बुसाचं नाव सगळे घेतात. त्या मजकुराची पंचकार्डं, म्हणजे यंत्राला वाचता यावीत अशी भोकांची कार्डं, पाडणाऱ्या बहुतांशी तरुण मुली होत्या, हे अलीकडच्या संशोधनानं पुढे आणलं. त्यांच्यातल्या अनेकींना लॅटिन येतही नव्हतं. न समजणारा मजकूर अक्षर न चुकता उतरवायचा, दिवसचे दिवस. रात्री टाइप करताना मला त्यांची हटकून आठवण येते. मला निदान आत्याची भाषा कळत होती.

बुसाच्या गोष्टीतला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग म्हणजे तो ‘इन्’. मोठे, वजनदार शब्द शोधायला निघालेला माणूस एका चिमुकल्या शब्दापाशी थांबला. पुढे या क्षेत्रात जे काही खरोखर टिकलं, त्यातलं पुष्कळसं अशा चिमुकल्या शब्दांवरच उभं आहे.

अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूनं १७८७-८८ मध्ये लिहिलेले ‘फेडरलिस्ट’ नावाचे ८५ निबंध आहेत. सगळे एकाच टोपणनावानं छापलेले. त्यांतल्या १२ निबंधांवरून वाद होता, ते अलेक्झांडर हॅमिल्टनचे की जेम्स मॅडिसनचे? दोघांची मतं सारखी, वाक्यांची लांबी सारखी, विषय तर एकच. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये जे पुस्तक काढलं, त्यात उत्तर होतं मॅडिसन. ते त्यांना विचारांत सापडलं नाही. ‘अपॉन’सारख्या शब्दांत सापडलं. हॅमिल्टन तो शब्द सढळ हातानं वापरतो, मॅडिसनच्या लेखनात तो क्वचितच येतो. या कामाच्या सुरुवातीला एकेक शब्द कागदाच्या चिटोऱ्यावर घेऊन मोजणी चालली होती. कुणी जरा मोठा श्वास टाकला तर चिटोरे उडायचे आणि मोजणाऱ्याचं कायमचं वैर पत्करावं लागायचं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आणि जॉन बरोज. या ऑस्ट्रेलियन प्राध्यापकानं १९८७ मध्ये जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्याची तक्रार अगदी साधी होती: आपण कादंबऱ्यांची चर्चा करतो तेव्हा मजकुराचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा हिस्सा जणू तिथे नाहीच असं धरून करतो. ‘द’, ‘ऑफ’, ‘अँड’, ‘आय’ यांच्याकडे बघतो कोण? त्यानं नेमके तेच तीस-एक शब्द घेतले आणि दाखवून दिलं की ऑस्टिनची पात्रं एवढ्यावरून एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात. लेखिकेनं हे ठरवून केलं असेल का? एवढं ठरवून कुणी लिहू शकत नाही. तिला ती माणसं तशी ऐकू येत होती, एवढंच.

हे वाचलं त्या रात्री मी आत्याची यादी पुन्हा उघडली. आतापर्यंत मी ‘दार’, ‘पाणी’, ‘वाट’, ‘पत्र’ असे शब्द शोधत बसले होते. आता वरचे, सगळ्यांत जास्त वेळा येणारे, निरुपयोगी वाटणारे शब्द वाचायला घेतले.

मराठीत हे काम इंग्रजीइतकं सरळ नाही. इंग्रजीचे ‘इन’, ‘टू’, ‘फ्रॉम’ सुटे उभे असतात. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला चिकटून येतात: घरात, घराला, घरापर्यंत, घरासमोरच्या. सामान्यरूपात नामाचा चेहरा बदलतो तो वेगळाच. संगणकाला हे चार वेगळे शब्द. शिवाय मराठीतले सगळ्यात बोलके दोन शब्द, ‘च’ आणि ‘ही’, तेही जोडूनच लिहायचे. ‘तिला’, ‘तिलाच’, ‘तिलाही’. या तीन शब्दांत तीन वेगळ्या कथा आहेत आणि फरक करणारं अक्षर शब्दाच्या शेपटीला लपलेलं. शेवटचा ‘च’ तोडून मोजावा म्हटलं, तर ‘पाच’, ‘काच’, ‘उंच’ यांच्याही शेपट्या तुटतात. मी ‘च’च्या मागे महिनाभर होते आणि हात टेकले. एक ना एक दिवस कुणीतरी ते नीट करावं असं मनापासून वाटतं. मराठी लेखकाचा स्वभाव ‘च’मध्ये जेवढा दिसतो तेवढा दुसऱ्या कशातच दिसत नसेल.

‘म्हणे’ मात्र सुटा उभा होता.

एखादा शब्द जिथे जिथे येतो त्या सगळ्या जागा एकाखाली एक मांडायच्या, शब्द मधोमध, दोन्ही बाजूंना त्याचे शेजारी, अशी एक पद्धत आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती संगणकासाठी बसवली. मी तिला शेजारयादी म्हणते. फुकट मिळणाऱ्या अँटकाँकसारख्या साधनातही ती एका टिचकीसरशी निघते. ‘म्हणे’ची शेजारयादी काढली तेव्हा पडदा भरून ओळी आल्या:

…दार उघडं ठेवूनच तो गेला म्हणे. ती उठली आणि…

…नोकरी सुटली म्हणे त्याची. कधी, ते कुणी…

…दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं म्हणे. तिनं दिवा…

…फार हुशार होता म्हणे लहानपणी. ती तसबिरीकडे…

या प्रत्येक कथेला मी वीस-वीस वेळा वाचलेलं आहे. एकेका कथेत ‘म्हणे’ एकदा, दोनदा येतो आणि डोळ्याला काही बोचत नाही. एकाखाली एक आल्यावर मात्र अंगावर काटा आला. आत्याच्या कथांतला पुरुष जे जे करतो, ते कुणी पाहिलेलंच नसतं. तो जातो म्हणे, येतो म्हणे, पैसे बुडवतो म्हणे, आजारी पडतो म्हणे. तिच्या नायिकांपर्यंत बाहेरचं सगळं जग या एका शब्दाच्या आधारानं पोचतं.

‘म्हणे’ हा मराठीचा फार सूक्ष्म शब्द आहे. ‘तो गेला’ असं म्हटलं तर मी साक्षीदार. ‘तो गेला म्हणे’ असं म्हटलं की मी साक्ष काढून घेतली, सांगणारं दुसरंच कुणी आहे. तुर्की भाषेत हीच गोष्ट क्रियापदाला प्रत्यय लावून करतात. आपण एक शब्द मागे ठेवतो, पाणी शिंपडावं तसा.

आता खरी मेहनत होती. कारण ‘म्हणे’ एकच नाही. ‘आई म्हणे, असं करू नये’ यातला ‘म्हणे’ म्हणजे ‘म्हणत असे’. तो ऐकीव नाही. संगणकाला दोन्ही सारखेच. संतकवितेत तर तिसराच प्रकार. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत आणि शेवटाला बहुतेक ठिकाणी ‘तुका म्हणे’. तिथे ‘म्हणे’ ही कवीची सही आहे, साक्ष काढून घेण्याच्या अगदी उलट. एकाच शब्दात एक जण स्वतःचं नाव पुढे करतो आणि दुसरी स्वतःला मागे घेते. गाथेची नुसती मोजणी करणाऱ्याला ‘म्हणे’ पहिल्या रांगेत दिसेल आणि त्यातून तो काय निष्कर्ष काढेल, देव जाणे.

सहीचा विषय निघालाच आहे तर थोडं वाकडं जाऊन सांगते. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत ‘विष्णुदास नामा’ या नंतरच्या, एकनाथांच्या काळातल्या कवीच्या रचना मिसळल्या गेल्या आहेत. अभ्यासकांना हे ठाऊक आहे, पण कुठली कोणाची हे सुटं करणं सोपं नाही. फेडरलिस्टची पद्धत इथे लावावी असं कुणालाही वाटेल, मलाही वाटलं होतं. अडचण अशी की ही पद्धत ज्या ‘पण’, ‘तरी’, ‘मग’वर उभी राहते, तेच शब्द शतकानुशतकं गाणाऱ्यांच्या तोंडी आणि उतरवणाऱ्यांच्या बोरूखाली बदलत आलेत. अभंगातली प्रतिमा गाणारा बदलत नाही, ‘तरी’चा ‘परी’ सहज करतो. छापील निबंधावर जो पुरावा पक्का ठरतो, तो मौखिक परंपरेत सगळ्यात आधी झिजतो. म्हणून तिथे या साधनानं दिलेल्या उत्तरावर मी तरी सहज विश्वास ठेवणार नाही, कितीही सुबक आलेख दाखवला तरी.

आत्याचे ‘म्हणे’ मी एकेक करून वाचले आणि प्रत्येकापुढे खूण केली: हा सांगणारा, हा ऐकीव. पुष्कळ ठिकाणी ठरवायला अख्खं पान वाचावं लागलं. दोन ठिकाणी अजूनही ठरलेलं नाही. संगणकामुळे वाचन कमी होतं असा एक समज आहे. इतकं सावकाश, एका शब्दासाठी अख्खी कथा तराजूत घालून, मी त्याआधी कधीच वाचलं नव्हतं.

मग मी फसलेसुद्धा, आणि तेही लिहायला हवं. वह्या लिहिल्या त्या क्रमानं मी शब्दसंपत्तीचा आलेख काढला. पाचव्या वहीच्या मध्यावर एकदम कडा कोसळावा तसा बदल. जुने शब्द गायब, नवे शेकडो शब्द हजर. मला वाटलं, तिच्या आयुष्यात काहीतरी घडलं असणार. त्या वर्षांत काय झालं होतं ते घरातल्या थोरांना विचारत सुटले. एका काकांनी तर मन लावून आठवूनही पाहिलं.

घडलं होतं ते शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आत्या तोवर ‘करणें’, ‘घरें’, ‘त्यानें’ लिहायची, मग ‘करणे’, ‘घरे’, ‘त्याने’ लिहायला लागली. शब्द तेच, डोक्यावरचा टिंब गेला आणि संगणकाला बाई बदलल्यासारखी वाटली. शोधाच्या आनंदात मी तीन आठवडे होते. ते उतरल्यावर जे उरलं तेही मोलाचं वाटतं: नव्या नियमांच्या त्या वहीत काही पानांवर तिनं सवयीनं टिंब दिलाय आणि नंतर दिलाच नाही. हात हळूहळू वळत गेलेला दिसतो.

अशा भानगडी मराठी मजकुरात पावलोपावली. ‘दुसऱ्या’ हाच शब्द घ्या. यातला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही डोळ्यांना तंतोतंत सारखे, आत मात्र वेगळे. मी अर्ध्या वह्या एका कीबोर्डवर आणि अर्ध्या दुसऱ्यावर टाइप केल्या होत्या, त्यामुळे ‘दुसऱ्या’ शोधला की अर्ध्याच कथांत सापडायचा. ‘ॲ’चीही तीच तऱ्हा. आधी सगळा मजकूर एका वळणावर आणायचा आणि मग मोजायला बसायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. या ओळी वाचणाऱ्या कुणाचे तरी ते तीन आठवडे वाचावेत.

‘म्हणे’चा शोधही तसाच फोल निघेल का, ही भीती आता बसली होती. आत्याच्या कथांत तो पुष्कळ आहे खरा, पण त्या काळी सगळेच तसं लिहीत असतील तर? एकट्या लेखकाची मोजणी काहीच सांगत नाही. ‘पुष्कळ’ म्हणजे कुणापेक्षा, हे सांगता आलं पाहिजे. म्हणून त्याच दशकांतल्या मासिकांतल्या कथा जमवल्या, स्त्रियांच्या आणि पुरुषांच्याही. जुन्या छपाईच्या पानांवरून अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामनं ‘म’चा ‘भ’ आणि ‘ध’चा ‘घ’ करून ठेवला होता, तो हातानं सुधारावा लागला. त्यात एक पावसाळा गेला.

उत्तर आलं: आत्याचे ‘म्हणे’ इतरांपेक्षा फारसे जास्त नाहीत.

त्या दिवशी मी संगणक बंद केला आणि आठवडाभर उघडला नाही. माझ्या अंगावर जो काटा आला होता तो खोटा होता का? नंतर कधीतरी दुपारी, दुसरंच काही करताना, लक्षात आलं की मी सगळे ‘म्हणे’ एकाच टोपलीत टाकले होते. इतरांच्या कथा पुन्हा काढल्या आणि अवतरणचिन्हांच्या आतले आणि बाहेरचे ‘म्हणे’ वेगळे केले. आत्या अवतरणचिन्हांच्या बाबतीत काटेकोर होती, त्यामुळे तिच्याकडे हे सोपं होतं. इतरांच्या कथांत ऐकीव ‘म्हणे’ जवळजवळ सगळा पात्रांच्या बोलण्यात. शेजारणी बोलतात, कुणी टोमणा मारतं, ‘मोठा शहाणा म्हणे!’ निवेदन करणारा लेखक मात्र सर्वज्ञ. त्याला सगळं माहीत असतं, तो कशाला ‘म्हणे’ म्हणेल? आत्याचे ‘म्हणे’ निवेदनात आहेत. कथा सांगणारीच म्हणते, तो गेला म्हणे. कथा तिनंच रचलेली, तो पुरुष तिनंच घडवलेला, आणि तरीही तो उंबऱ्याबाहेर पडला की त्याचं काय झालं हे तिलाही ऐकूनच कळतं. ती त्याच्याबरोबर बाहेर जातच नाही. घरात, नायिकेपाशी बसून राहते.

साहित्याच्या वर्गात याला निवेदनाचा दृष्टिकोन वगैरे म्हणतात. तो मला कळत होता, पण आत्याच्या कथांत तो एका शब्दाच्या जागेवर तोलून धरलेला आहे, हे मोजल्याशिवाय मला कधीच दिसलं नसतं.

या क्षेत्रात मोठी स्वप्नं पाहणारे लोक आहेत. फ्रँको मोरेत्ती या साहित्याच्या अभ्यासकांनी २००० मध्ये दूरवाचनाची कल्पना मांडली: हजारो कादंबऱ्या कुणी वाचू शकत नाही, तर त्या लांबून, आकृत्यांमधून बघू. कुणीही न वाचलेल्या पुस्तकांच्या डोंगराकडे त्यांनी बोट दाखवलं हे फार चांगलं केलं. २०१९ मध्ये नॅन दा यांनी एका दीर्घ लेखात या पद्धतीच्या अनेक अभ्यासांची झाडाझडती घेतली. जे पक्कं आहे ते आधीच उघड असतं आणि जे उघड नाही ते पक्कं नसतं, हा त्यांचा आक्षेप. त्यावर मोठा वाद झाला. मला तो आक्षेप पुष्कळ ठिकाणी लागू वाटतो, माझ्या कोसळलेल्या कड्याला तर पुरेपूर. पण दोन्ही बाजूंचं वाचताना जाणवत राहिलं की वाद हजारो पुस्तकांचा आहे. ११ वह्यांवरही हीच साधनं चालतात, आणि तिथे प्रत्येक आकड्यामागचं पान उघडून बघता येतं. उघडून बघता येत नसेल अशा आकड्याशी मला काही कर्तव्य नाही.

तसं पान उघडून बघायला गेले आणि गेल्या महिन्यात पुन्हा एकदा जमीन हलली.

शेवटच्या तीन वह्यांत ‘म्हणे’ जवळजवळ संपतो. तो उतार माझ्या आलेखात फार स्वच्छ दिसत होता आणि मी त्याचा अर्थही लावून ठेवला होता: उतारवयात आत्याला धीर आला, ती तिच्या पुरुषांबरोबर घराबाहेर पडायला शिकली. लेखाचा शेवट म्हणून मी तो लिहूनही काढला होता. छापायच्या आधी दोन-चार ओळी मुळाशी ताडून पाहाव्यात म्हणून दहावी वही काढली.

‘रात्रीच्या गाडीनं तो गेला.’ माझ्या टाइप केलेल्या प्रतीत वाक्य एवढंच. वहीत ‘गेला’च्या पुढे एक शब्द खोडलेला होता. एकच सरळ रेघ, शब्द सहज वाचता यावा अशी. ‘म्हणे’. वाक्य निळ्या शाईचं, रेघ काळी.

पुढचं पान. तिथेही. त्याच्या पुढे दोनदा. अकरावी वही पूर्ण काळ्या शाईत आहे आणि तिच्यात तो शब्द खोडलेलाही नाही, लिहिलेलाच नाही. म्हणजे अकरावी लिहिताना, किंवा लिहून झाल्यावर, ती मागे वळली होती. नववी आणि दहावी घेऊन बसली होती आणि एकेका वाक्यातून ‘म्हणे’ काढत गेली होती. ‘तो गेला म्हणे’ची ‘तो गेला’ करत. ती साक्षीदार होत होती, शब्दामागून शब्द, हातात पेन घेऊन. आणि टाइप करताना खोडलेलं सोडून देणारी मी तिचं हे सगळं काम पुसून बसले होते.

भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली ती १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धं शतक. १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. त्या आवृत्तीचं एखादं पान उघडलं तर वर मोजके श्लोक आणि खाली बारीक टायपात पाठभेदांची दाटी. संपादकांनी जे मूळ मानलं नाही तेही टाकलं नाही, रेघेखाली जपून ठेवलं. हे मी विद्यार्थिदशेत पाहिलं होतं, थक्क झाले होते, आणि आत्याच्या वह्या हातात आल्यावर साफ विसरले होते.

डिजिटल मजकुरासाठी अशी जपणूक कशी करायची याचे ठरलेले संकेत आहेत. टीईआय नावानं ते ओळखले जातात, त्यांचं काम १९८७ पासून चालू आहे. खोडलेल्या शब्दाला ‘डेल’ची खूण, वर घुसवलेल्या शब्दाला ‘ॲड’ची, शाई बदलली तर त्याची नोंद. हे मला माहीत होतं. एका बाईच्या घरगुती वह्यांना एवढं कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. या एका विचाराची मला आता लाज वाटते.

पुस्तक पुढे ढकललंय. पहिल्या वहीपासून पुन्हा टाइप करायला घेतलंय, या वेळी प्रत्येक खाडाखोडीसकट. काम पहिल्याच्या दुपटीनं सावकाश होतं. पहिल्या कथेच्या तिसऱ्या पानावर एक शब्द इतका गिरवून खोडलाय की कागद फाटायच्या बेताला आलाय. वाचता न येणाऱ्या जागेसाठीही संकेतांमध्ये एक खूण आहे, ‘गॅप’ म्हणतात तिला. ती मी अजून घातलेली नाही. वही खिडकीशी नेऊन, पान उजेडासमोर धरून बघते आहे. शेवटी एक मात्रा दिसते, असं वाटतंय.